मानाँ रेओम : बर्फावरील हॉकीतील गोलरक्षक
(इयत्ता ५ वी ते ७ वी : भूगोल, अंकगणित व शारीरिक शिक्षण यांस जोडून घ्यावयाचा पाठ)

हॉकी हा शब्द आपल्या खेड्यांतील मुलांना अगदीच अपरिचित नाही. मेजर ध्यानचंद यांचे नाव त्यांच्या कानांवरून गेलेले असते, आणि वाकडी काठी व चिंध्यांचा चेंडू घेऊन अंगणात तो खेळ खेळू पाहणारी मुलेही क्वचित दृष्टीस पडतात. परंतु त्याच नावाचा दुसरा एक खेळ गोठलेल्या पाण्यावर, पोलादी पाते लावलेले बूट पायांत घालून खेळला जातो, हे बहुतेक मुलांना ठाऊक नसते. कॅनडा देशात तो घरोघरचा खेळ आहे. त्या देशातील एका मुलीने गोलरक्षक म्हणून जी वाटचाल केली, तिची हकीकत वरच्या प्राथमिक वर्गांना सांगण्यासारखी आहे. शिवाय मुलींना मैदानावर किती वेळ व कोणत्या जागी उभे करावयाचे, हा जो प्रश्न खेळाच्या तासाला प्रत्येक शाळेत शिक्षकापुढे येतो, त्यासंबंधीही या हकीकतीत विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

तिचे नाव मानाँ रेओम. ती कॅनडातील क्वीबेक प्रांताची. या प्रांतात फ्रेंच भाषा बोलली जाते, म्हणून नावांचे उच्चार आपल्या कानांस थोडे निराळे वाटतात. नावे फळ्यावर लिहून मुलांकडून दोनतीन वेळा म्हणवून घेतल्यास पुढे अडखळणे होणार नाही.

खेळाची ओळख

प्रथम नकाशा लावावा. क्वीबेक शहर उत्तर अक्षांश ४७ च्या सुमारास, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी आहे. तेथे हिवाळ्यात कित्येक आठवडे तपमान शून्य अंशाखाली राहते. तळी गोठतात, अंगणात पाणी सोडले तर रातोरात त्याची फरशी बनते. ज्या गावी पाणी सांडले म्हणजे चिखल होतो तेथील मुलांना हे खरे वाटणे कठीण. तरी तालुक्याच्या गावी बर्फाची लादी पाहिलेले एखादे मूल वर्गात असतेच, त्याच्याकडून तिचा स्पर्श व निसरडेपणा यांचे वर्णन करवून घ्यावे. बर्फ निसरडा का, असे मुले विचारतील. पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो म्हणून, असे उत्तर पूर्वीच्या पुस्तकांत देत असत. तेवढे कारण पुरेसे नाही असे आता मानतात. बर्फाच्या अगदी वरच्या थरातील कण आतल्या कणांसारखे घट्ट बांधलेले नसतात, आणि घर्षणाच्या उष्णतेने त्यात भर पडते, इतके सांगितले तरी या वयास पुरे.

मैदान सुमारे २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असते. प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून ६ खेळाडू. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. ही चकती ३ इंच व्यासाची व १ इंच जाडीची असून तिचे वजन १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या कातडी चेंडूइतके किंवा किंचित अधिक भरते. गोल ६ फूट रुंद व ४ फूट उंच असतो. एवढ्या जागेत ती चकती जाऊ न देणे हे गोलरक्षकाचे काम. त्याच्या पायांवर जाड गाद्या बांधलेल्या असतात, एका हातात झेलण्याचा मोठा हातमोजा, दुसऱ्या हातात रुंद पात्याची काठी, आणि तोंडावर मुखवटा. हा मुखवटा पुढे हकीकतीत दोन वेळा येणार असल्याने तो फळ्यावर काढून ठेवावा.

वेगाचा हिशेब मुलांकडूनच करवावा. मोठ्या खेळाडूचा जोरदार फटका तासास १४४ किलोमीटर वेगाने आला, तर सेकंदास किती मीटर? चाळीस. मग दहा मीटरवरून मारलेली चकती गोलापाशी किती वेळात येईल? पाव सेकंदात. शिक्षकाने टाळी वाजवावी व टाळीसरशी मुलांनी हात वर करावा. तेवढ्यालाच पाव सेकंद लागून जातो, हे त्यांच्या ध्यानात येईल. यावरून असे निघते की नुसते चकतीकडे पाहून गोल राखता येत नाही. मारणाऱ्याचे खांदे, काठीचे पाते, त्याची नजर यांवरून चकती कोठे येणार हे आधीच ताडावे लागते, आणि मुख्य म्हणजे आपण कोठे उभे राहावयाचे हे आधी ठरवावे लागते.

बापाच्या संघाला गोलरक्षक हवा होता

मानाँचा जन्म २४ फेब्रुवारी १९७२ रोजी झाला. क्वीबेक शहराजवळ लाक-बोपोर या तळ्याकाठच्या गावी ती वाढली. तिला मार्तें व पास्काल हे दोन भाऊ. वडील गावातील मुलांना हॉकी शिकवीत. भाऊ सराव करीत तेव्हा त्यांना फटके अडविणारे कोणी तरी हवे असे, आणि ते काम बहिणीकडे येई. आपल्याकडेही भावांच्या क्रिकेटमध्ये चेंडू आणून देण्याचे काम बहिणीकडेच येते, हे मुलांना सांगावयास हरकत नाही.

ती पाच वर्षांची असताना वडिलांच्या संघाला एका स्पर्धेसाठी गोलरक्षक मिळेना. मी उभी राहते, असे तिने सांगितले. वडील तयार झाले. मात्र ही मुलगी आहे हे लोकांच्या आधीच लक्षात येऊ नये, म्हणून बर्फावर उतरण्यापूर्वीच तिच्या डोक्यावर शिरस्त्राण व तोंडावर मुखवटा चढविला गेला. ज्या साधनाने तोंडाला इजा होऊ नये, त्याच साधनाने ती मुलगी आहे ही गोष्टही झाकली. बापाने मुलीला संधी दिली, पण लपवून दिली. त्या काळच्या त्या गावी याहून अधिक करणे त्याला शक्य वाटले नसावे. तरी त्याने दिली ही गोष्ट मोठीच म्हणावी लागते.

क्वीबेक शहरात दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात अकरा-बारा वर्षांच्या मुलांची एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. ती १९६० पासून चालू आहे. १९८४ साली मानाँ या स्पर्धेत खेळली. तीत खेळणारी ती पहिली मुलगी. त्या वयापर्यंत मुले व मुली यांच्या उंचीत व बळात फारसा फरक नसतो, किंबहुना काही मुली मुलांहून उंच असतात. आपल्या पाचवी-सहावीच्या वर्गात नजर टाकली तरी हे दिसून येते. पुढे मात्र वरच्या संघांत तिला जागा मिळणे अवघड होत गेले. ती पुरेशी चांगली खेळत नाही असे कोणी सांगितले असते, तर अधिक सराव हा त्यावर उपाय होता. ती मुलगी आहे, या कारणावर कोणताच सराव चालत नाही.

दोरीचा प्रयोग

येथे हकीकत थांबवून वर्ग अंगणात न्यावा. मानाँची उंची सुमारे ५ फूट ७ इंच, बांधा सडपातळ. तिच्याहून धिप्पाड गोलरक्षक पुष्कळ होते. मग एवढ्या शरीराने ६ फूट रुंद गोल झाकावा कसा? याचे उत्तर बळात नाही, भूमितीत आहे.

भिंतीजवळ फक्कीने ६ फुटांची सरळ रेघ मारून तिच्या दोन्ही टोकांस खुंट्या ठोकाव्यात. रेघेच्या मध्यापासून समोर ३० फुटांवर तिसरी खुंटी ठोकावी. ही चकतीची जागा. या खुंटीपासून गोलाच्या दोन्ही खुंट्यांपर्यंत दोन दोऱ्या ताणून बांधाव्यात. चकती सरळ जाते असे मानल्यास गोलात जाणारा प्रत्येक फटका या दोन दोऱ्यांच्या आतूनच गेला पाहिजे. आता एका मुलास गोलाच्या रेघेवर उभे करावे. त्याला ६ फूट रुंदी राखावयाची आहे. त्याने ५ फूट पुढे यावे व दोऱ्यांमधील अंतर फूटपट्टीने मोजावे : ५ फूट. आणखी ५ फूट पुढे यावे : ४ फूट. त्रैराशिक शिकलेल्या मुलांनी हे अंतर मोजण्याआधी पाटीवर काढावे व मग पडताळून पाहावे. ३० फुटांस ६, तर २५ फुटांस किती, २० फुटांस किती. उंचीचाही असाच हिशेब होतो. चकती जमिनीवर आहे व गोल ४ फूट उंच आहे, तर १० फूट पुढे आलेल्या गोलरक्षकास तेथे केवळ २ फूट ८ इंच उंची झाकावी लागते.

तेव्हा पुढे येणारा गोलरक्षक न वाढताच मोठा होतो. मग त्याने थेट चकतीपर्यंतच का जाऊ नये, असे एखादा चलाख विद्यार्थी विचारील, आणि विचारला नाही तर शिक्षकाने विचारावे. कारण चकती मारणाऱ्याने ती बाजूच्या गड्याकडे ढकलली की सर्व गोल उघडा पडतो, व मागे फिरावयास वेळ उरत नाही. किती पुढे यावयाचे हा अंदाज वर्षानुवर्षे फटके घेतल्यानेच येतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व हकीकत फटके किती घ्यावयास मिळाले याच्याशी निगडित आहे.

सतरा मिनिटे व वीस मिनिटे

२६ नोव्हेंबर १९९१ रोजी मानाँ त्र्वा-रिव्हिएर या शहराच्या संघातून ग्रँबीच्या संघाविरुद्ध बर्फावर उतरली. त्र्वा-रिव्हिएर म्हणजे तीन नद्या. हा सामना कॅनडातील तरुण मुलांच्या सर्वांत वरच्या श्रेणीचा होता, आणि त्या श्रेणीत त्यापूर्वी कोणतीही मुलगी खेळली नव्हती. चालू सामन्यात तिला दुसऱ्या गोलरक्षकाच्या जागी पाठविण्यात आले. सुमारे १७ मिनिटे ती उभी होती. १३ फटके आले, त्यांपैकी ३ गोल झाले. एक जोरदार फटका थेट मुखवट्यावर बसला, डोळ्याच्या वर जखम होऊन रक्त वाहू लागले आणि तिला बाहेर यावे लागले. इतर खेळाडूंप्रमाणे ती जखमी झाली, इतर खेळाडूंप्रमाणे तिला टाके घातले गेले. तोंड झाकण्यासाठी जो मुखवटा पाचव्या वर्षी चढविला होता, त्याने एकोणिसाव्या वर्षी आपले खरे काम केले.

पुढच्या वर्षी, १९९२ मध्ये, अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात टॅम्पा शहरी नॅशनल हॉकी लीगचा एक नवा संघ निघाला. नकाशावर टॅम्पा शोधून मुलांना दाखवावे. ते जवळजवळ आपल्या दिल्लीच्या अक्षांशावर आहे. तेथे तळी गोठत नाहीत. बंदिस्त सभागृहात जमिनीखाली नळ्या घालून, त्यांतून अतिशय थंड द्राव फिरवून, वर सुमारे इंचभर जाडीचा बर्फ करावा लागतो. अशा उष्ण प्रदेशातील लोकांना या खेळाचा नाद नव्हता. संघाचे व्यवस्थापक फिल एस्पोझिटो हे स्वतः पूर्वीचे नामांकित खेळाडू. त्यांनी मानाँला सराव शिबिरासाठी बोलाविले, आणि लोकांचे लक्ष संघाकडे वेधावे हा त्यात हेतू होता हे त्यांनी दडवून ठेवले नाही.

हा भाग वर्गात सांगताना गाळू नये. गाळला तर गोष्ट गोड होईल, पण खोटी होईल. जाहिरातीसाठी आपल्याला बोलाविले आहे हे मानाँलाही ठाऊक होते. तिचा विचार सरळ होता : मुलगी आहे एवढ्यावरून आजवर अनेकांनी नकार दिला, आता मुलगी आहे म्हणून कोणी होकार देत असेल, तर तो नाकारून काय साधणार? बर्फावर उतरल्यावर समोरून येणारी चकती जाहिरातीची नसते. या विचाराबद्दल मतभेद होऊ शकेल. सातवीच्या वर्गात त्यावर दहा मिनिटे बोलणे घडवून आणण्यास हा उत्तम विषय आहे. शिक्षकाने आपले मत शेवटी सांगावे, किंवा सांगूही नये.

२३ सप्टेंबर १९९२ रोजी सेंट लुईसच्या संघाविरुद्ध सराव सामन्यात वीस वर्षांची मानाँ पहिला संपूर्ण डाव, म्हणजे २० मिनिटे, गोलात उभी राहिली. ९ फटके आले. तिने ७ अडविले, २ गोल झाले. ती बाहेर आली तेव्हा दोन्ही संघ २-२ असे बरोबरीत होते. पुढे तिचा संघ ४-६ असा हरला. नॅशनल हॉकी लीगच्या संघातून सामन्यात उतरलेली ती पहिली स्त्री होय. पुढील वर्षी, १९९३ मध्ये, बोस्टनच्या संघाविरुद्धच्या सराव सामन्यातही तिला खेळविण्यात आले. त्यानंतर आजवर दुसऱ्या कोणत्याही स्त्रीला त्या लीगच्या सामन्यात स्थान मिळालेले नाही.

आता आकडे फळ्यावर घ्यावेत. ९ पैकी ७ म्हणजे शेकडा सुमारे ७८. त्र्वा-रिव्हिएरला १३ पैकी १०, म्हणजे शेकडा सुमारे ७७. त्या लीगमधील चांगला गोलरक्षक आजकाल शंभरांपैकी नव्वदाच्या आसपास फटके अडवितो. मग मानाँ कमी पडली काय? हा प्रश्न मुलांपुढे टाकून गप्प बसावे. काही मुले होय म्हणतील. त्यांना विचारावे : नवातला एक गोल कमी झाला असता तर शेकडेवारी किती झाली असती? ९ पैकी ८, म्हणजे शेकडा जवळजवळ ८९. एका फटक्याने अकरा टक्क्यांचा फरक पडतो, तर अशा मोजमापावरून निवाडा कसा करावा? पावसाळ्यातील एका दिवसाच्या पावसावरून कोणी वर्षाचे पीक ठरवीत नाही. नऊ फटक्यांवरून गोलरक्षकाची परीक्षा होत नाही, पुरुषाची नाही आणि स्त्रीचीही नाही. तथापि त्या नऊ फटक्यांवर पुष्कळांनी आपली मते कायमची ठरवून टाकली.

शाळेत हेच लहान प्रमाणावर घडते. मुलगी एकदा पुढे येते, तिला एक चेंडू मिळतो, तो सुटतो, मुले हसतात, आणि ती पुन्हा रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहते. मुलाचे दहा चेंडू सुटतात ते कोणी मोजत नाही. या ठिकाणी शिक्षकाची वही मोठे काम करू शकते. त्याविषयी शेवटी सांगितले आहे.

पुढील वर्षे

टॅम्पाच्या व्यवस्थापनाने तिच्याशी करार करून तिला आपल्या हाताखालच्या अटलांटा येथील संघात पाठविले. १३ डिसेंबर १९९२ रोजी त्या संघातून काही मिनिटांपुरती ती नियमित सामन्यात उतरली. पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीतील नियमित सामन्यात स्त्री खेळण्याची ही पहिली वेळ. पुढे १९९७ पर्यंत ती नॉक्सव्हिल, नॅशव्हिल, लास व्हेगस अशा निरनिराळ्या ठिकाणच्या लहानमोठ्या संघांतून खेळली. सर्व मिळून सामने चोविसेकच भरले. संघ बदलत गेले, बाकावर बसून वाट पाहणे मात्र सारखेच राहिले. गोलरक्षक एका वेळी एकच उभा राहतो, त्यामुळे दुसऱ्याचे नशीब पहिल्याच्या चुकीवर अवलंबून असते. ही त्या जागेची स्वाभाविक अडचण आहे; ती स्त्रीपुरुष भेद जाणत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावी. अशा हकीकती सांगताना सर्व पहिलेपणे एकाच व्यक्तीच्या नावावर जमा करण्याचा मोह होतो. पुरुषांच्या व्यावसायिक सामन्यात गोलरक्षक म्हणून विजय मिळविणारी पहिली स्त्री मानाँ नव्हे, तर अमेरिकेची एरिन व्हिटन. तिने ऑक्टोबर १९९३ च्या अखेरीस टोलेडोच्या संघातून तो मिळविला. मानाँचा विजय त्यानंतर थोड्याच दिवसांनी नॉक्सव्हिलच्या संघातून आला. आणि एकही गोल न होऊ देता असा सामना जिंकणारी स्त्री भेटण्यास डिसेंबर २०१५ उजाडावा लागला. ती कॅनडाची शॅनन साबाडोस.

धाकटा भाऊ पास्काल हाही हॉकीपटू झाला. तो नॅशनल हॉकी लीगमध्ये तीनशेहून अधिक सामने खेळला व २००३ साली न्यू जर्सीच्या संघातून त्या लीगचा सर्वोच्च मान, स्टॅनले चषक, जिंकणाऱ्यांत होता. एकाच घरात वाढलेल्या दोन मुलांपैकी एकाला तीनशेहून अधिक सामने मिळाले, दुसरीला सराव सामन्यांत उभे राहण्याची दोन वेळा पाळी आली. दोघांच्या जागा व गुण वेगळे होते हे खरे, आणि लीगमध्ये न टिकणाऱ्या पुरुषांची संख्याही फार मोठी आहे. तरी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवण्यासारखे आहेत.

स्त्रियांच्या संघात

आता तुलनेसाठी दुसरी बाजू पाहावी. स्त्रियांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा प्रथम १९९० साली कॅनडात ओटावा येथे भरली. दुसरी १९९२ साली फिनलंडमधील टाम्पेरे शहरी. टॅम्पा व टाम्पेरे या नावांत मुलांचा घोटाळा होतो, म्हणून दोन्ही ठिकाणे नकाशावर दाखवावीत. टाम्पेरे येथे मानाँ कॅनडाची गोलरक्षक होती. कॅनडाने अंतिम सामन्यात अमेरिकेचा ८-० असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले, आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूंचा जो मानाचा संघ निवडला गेला, त्यात गोलरक्षक म्हणून तिचे नाव आले. १९९४ साली लेक प्लॅसिड येथे कॅनडा पुन्हा विजयी झाला, आणि मानाच्या संघात तिचीच पुन्हा निवड झाली. जेथे तिला सतरा किंवा वीस मिनिटे मिळाली नाहीत, सबंध स्पर्धा मिळाली, तेथे निकाल असा लागला. टाम्पेरेची स्पर्धा टॅम्पाच्या त्या सामन्याच्या काही महिने आधीच होऊन गेली होती हेही नमूद करावे. टॅम्पाच्या बर्फावर उतरलेली मुलगी केवळ नवलाची वस्तू नव्हती, ती जगज्जेत्या संघाची गोलरक्षक होती. वर्तमानपत्रांना नवल अधिक मोलाचे वाटले.

१९९७ च्या जागतिक स्पर्धेसाठी तिला संघातून वगळण्यात आले. यावेळी प्रश्न मुलगी असण्याचा नव्हता, इतर गोलरक्षक अधिक चांगल्या ठरल्या होत्या. तिने पुन्हा सराव केला, आणि १९९८ साली जपानमधील नागानो येथे ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची बर्फावरील हॉकी पहिल्यांदाच खेळविण्यात आली तेव्हा तिने संघात परत स्थान मिळविले. सहा देश उतरले होते : कॅनडा, अमेरिका, फिनलंड, स्वीडन, चीन व यजमान जपान. १७ फेब्रुवारी १९९८ रोजी अंतिम सामना कॅनडा व अमेरिका यांच्यात झाला. कॅनडाच्या गोलात मानाँ होती. अमेरिकेने ३-१ असा विजय मिळविला. तिसऱ्या गोलाची हकीकत मुलांना अवश्य सांगावी. हरत असलेला संघ अखेरच्या क्षणांत गोलरक्षकास बाहेर बोलावून त्याच्या जागी एक चढाई करणारा गडी घेतो, म्हणजे बरोबरी साधण्याची एक शेवटची आशा राहते. अमेरिकेचा तिसरा गोल अशा रिकाम्या गोलात गेला. धावफलकावर तो कॅनडावर चढला, पण त्या वेळी गोलात कोणीच नव्हते. मानाँला रौप्यपदक मिळाले. सामना हरून मिळणारे पदक ते हेच. कांस्यपदकही अखेरचा सामना जिंकून मिळवावे लागते. हा विचित्र न्याय मुलांना लगेच पटतो.

त्यानंतर तिने खेळ कमी केला. दोन मुलांची ती आई झाली, त्यांतील मोठा आईप्रमाणे गोलरक्षक निघाला. तिने मुलामुलींच्या संघांना शिकविले. २०२२ साली लॉस एंजेलिस किंग्ज या नॅशनल हॉकी लीगच्या संघाने होतकरू खेळाडूंसंबंधी सल्ला देण्यासाठी तिची नेमणूक केली. उत्तर अमेरिकेत स्त्रियांसाठी नवी व्यावसायिक लीग जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत मानाँचे वय ५२ च्या घरात पोचले होते.

आपल्या देशात हा खेळ आहे की नाही, हा प्रश्न हमखास येतो. आहे. लडाखमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात व मुलेमुली त्यांवर खेळतात. भारताचा स्त्रियांचा संघ २०१६ साली प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. २०१७ साली बँकॉक येथे त्याने पहिला विजय मिळविला, आणि २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक आणले. त्यातील बहुतेक खेळाडू लडाखच्या व काही हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या आहेत. भूगोलाच्या तासाला समुद्रसपाटीपासूनची उंची व तपमान यांचा संबंध शिकविताना हे उदाहरण उपयोगी पडेल. लेह अक्षांशाने क्वीबेकपेक्षा पुष्कळ दक्षिणेस आहे, तरी सुमारे ३५०० मीटर उंचीमुळे तेथे पाणी गोठते.

पाठ घेण्याविषयी

हा पाठ तीन तासिकांत घ्यावा. पहिलीत नकाशा व खेळाची ओळख, दुसरीत दोरीचा प्रयोग, तिसरीत हकीकत व शेकडेवारी. चौथी तासिका मिळू शकल्यास ती मैदानावर द्यावी. दोरीच्या प्रयोगासाठी मारलेली ६ फुटांची रेघ तशीच ठेवून, दोन्ही खुंट्यांच्या जागी ४ फूट उंचीचे बांबू रोवावेत. बर्फ नाही व काठ्याही नाहीत, तेव्हा रबरी चेंडू २० फुटांवरून हाताने, जमिनीलगत टाकावा. चेंडू टाकणारा मुलगा वा मुलगी सर्वांसाठी एकच असावी, नाहीतर आकड्यांची तुलना होणार नाही.

गोलात उभे राहण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने द्यावी. कोण तयार आहे असे विचारून पाळी दिल्यास नेहमीची चार मुलेच पुढे येतात. प्रत्येकास निदान वीस चेंडू मिळावेत, आणि पहिले पाच सुटले म्हणून कोणाचीही पाळी आटोपती घेऊ नये. अडविलेल्या चेंडूंची नोंद एका विद्यार्थ्याने वहीत करावी. पहिल्या दहांची वेगळी व दुसऱ्या दहांची वेगळी. दुसऱ्या दिवशी अंकगणिताच्या तासाला याच आकड्यांवरून प्रत्येकाने आपली शेकडेवारी काढावी व पहिल्या दहांत आणि दुसऱ्या दहांत किती फरक पडला ते पाहावे. वर्गात चाळीसहून अधिक मुले असल्यास ही कृती दोन दिवसांत विभागावी, आणि पहिल्या दिवशी ज्यांची पाळी आली नाही त्यांची नावे वहीत अगोदर लिहून ठेवावीत.